बाससाठी रॉड : गॅरेजमधल्या नोंदी

२७ जानेवारी २०२४, शनिवार

शीट उघडली, नाव दिलं "बास – रॉड". बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यायची आहे. स्थळ प्लेनो, टेक्सस. मी ६०० डॉलर मागितले होते, हिने ४०० मंजूर केले. रॉड, रील (दोरी गुंडाळायचं चाक), दोरी सगळं त्यातच बसवायचं. आमच्या घरातलं अर्थखातं कडक आहे.

अडचण आधी लिहून ठेवतो, नाहीतर दुकानात शिरलं की विसरायला होतं. गेल्या वर्षी एकाच रॉडवर भागवलं. साडेसहा फुटी, मीडियम, रील आणि दोरीसकट एकत्र मिळतो तसला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सात मासे लागून गेले. सातही लार्जमाउथ बास. त्यातले चार प्लास्टिकच्या अळीवर. रॉडचं टोक हललं, दोरी बाजूला सरकायला लागली, मी हिसका दिला, क्षणभर वजन जाणवलं आणि दोरी सैल. गळ जबड्यात रुतलाच नव्हता. उरलेले तीन क्रँकबेटवर, म्हणजे ओढलं की माशासारखं हलत येणाऱ्या कडक आमिषावर. ते नीट लागले, अर्ध्या वाटेपर्यंत आले, पाण्याबाहेर उसळून त्यांनी डोकं झाडलं, आणि आमिष माझ्याच अंगावर उडून आलं.

म्हणजे चार वेळा रॉड कमी पडला आणि तीन वेळा जास्त झाला. रॉड तोच. मी कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. एकाच भागात असे दोन उलटे दोष सापडले की आम्ही भागाला नाही, त्याचं स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याला धरतो. इथे तो मीच.

३ फेब्रुवारी, शनिवार

"अत्यावश्यक" म्हणून ज्या याद्या मिळाल्या त्या सगळ्या शीटमध्ये उतरवल्या. अकरा रॉड झाले. अकरा! जिगसाठी (शिशाच्या डोक्याचा गळ) वेगळा, स्पिनरबेटसाठी (फिरत्या पत्र्याचं आमिष) वेगळा, पाण्यावरच्या आमिषाला वेगळा. पोळीसाठी एक लाटणं, पुरीसाठी दुसरं आणि पापडासाठी तिसरं, असा हिशेब. (पापडाचं लाटणं खरंच वेगळं असतं, असं ही आत्ता मागून म्हणाली. असो.)

दुकानात जाऊन रॉडच्या मुठीजवळचा बारीक मजकूर वाचत बसलो. तिथे चार गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, पॉवर, अॅक्शन, आणि किती वजनाचं आमिष व किती पौंडी दोरी चालेल. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अल्ट्रालाइटपासून एक्स्ट्रा हेवीपर्यंत पायऱ्या. अॅक्शन म्हणजे वाक कुठून पडतो. फास्ट असेल तर फक्त टोकाकडचा भाग वाकतो, खालचा दांडा ताठ. मॉडरेट असेल तर वाक मध्यापर्यंत उतरतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला गेलं वर्षभर माहीत नव्हतं. मी "कडक" आणि "मऊ" एवढ्या दोनच शब्दांत विचार करत होतो.

त्यात गंमत अशी की या पायऱ्यांना कुठलंच सामाईक माप नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीच्या हेवीइतका निघतो. कपड्यांच्या एल आणि एक्सएलसारखंच. छापील शब्दावर जायचं नाही, हातात घेऊन वाकवून बघायचं. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याने काही म्हणायच्या आत बाहेर पडलो.

१० फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या आजोबांकडे गेलो. त्यांना मी "सर" म्हणतो, ते मला "यंग मॅन" म्हणतात. माझं वय ४४. त्यांच्या गॅरेजच्या छताला अठरा रॉड आडवे टांगलेत, आपल्याकडे माळ्यावर बांबू ठेवतात तसे. त्यांचं तारुण्य पूर्व टेक्ससमध्ये गेलं, लेक फोर्कच्या आसपास. १९८० साली त्या तळ्यात पाणी अडवायला सुरुवात झाली तेव्हा बुडणारी झाडं त्यांनी उभी पाहिली आहेत. बास अजून त्याच झाडांच्या सांगाड्यांत राहतात.

"अकरा रॉड" ऐकून हसले. मग त्यांनी टेक्ससच्या विक्रमाची गोष्ट सांगितली. २४ जानेवारी १९९२ रोजी लेक फोर्कमध्ये बॅरी सेंट क्लेअर यांनी १८.१८ पौंडांचा बास धरला. राज्याचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. आणि सेंट क्लेअर त्या दिवशी बास धरायला गेलेच नव्हते. क्रॅपी नावाच्या वीतभर माशासाठी जिवंत मिनो, म्हणजे बारीक मासोळी, लावून बसले होते. म्हणजे टेक्ससचा सगळ्यात मोठा बास दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गळाला लागलाय. माझ्या शीटमध्ये ही माहिती कुठल्या रकान्यात भरावी?

येताना त्यांचे तीन रॉड उसने आणले: एक मीडियम हेवी फास्ट, एक जुना फायबरग्लासचा, एक हलका स्पिनिंग.

११ फेब्रुवारी, रविवार

चाचणी दिवस. लेकीला मदतीला घेतलं. वय ११, मानधन आइस्क्रीम.

पहिली चाचणी वाकाची. रॉडची मूठ टेबलाला शिकंज्यात आवळली, मागच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवला, टोकाच्या कडीतून अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली लोंबकळती सोडली आणि वाकाची रेघ पेन्सिलने मारली. माझा जुना, आणि हे तीन. चार रेघा एकमेकींवर पडल्या तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना कळलं. मीडियम हेवी फास्ट टोकाशी मोडल्यासारखा खाली वळला आणि मग सरळ. फायबरग्लासची रेघ मात्र मुठीपासूनच निघाली, विळ्याच्या पात्यासारखी. माझा जुना या दोन्हींच्या मधे, कुठेच धड नाही.

दुसरी चाचणी गळाची. ही जास्त महत्त्वाची ठरली. माशाचा जबडा कुठून आणणार? माझी तुटकी कोल्हापुरी होती, तिचा पट्टा कापला आणि फळीवर ठोकला. बास धरून ज्याने खालच्या ओठाशी बोट घातलंय त्याला पटेल, कडेचं हाड साधारण याच जातीचं असतं. मग गळाच्या डोळ्याला बॅग तोलायचा डिजिटल काटा अडकवला आणि हळूहळू ओढलं. काटेरी उलटं टोक चामड्यात पूर्ण जाईपर्यंत किती ओढ लागते ते बघायचं.

क्रँकबेटचा बारीक ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ: पावणेदोन पौंड. उघड्या टोकाचा बारीक एकेरी गळ, एक नंबरचा: दोन पौंडांच्या आसपास. अळीचा जाड गळ, ४/० मापाचा, टोक प्लास्टिकच्या अंगात लपवलेलं: आधी प्लास्टिक फाडायला लागलं, मग चामडं, काटा साडेचारच्या पुढे गेला. तोही हळूहळू. मध्ये दोनदा सटकला.

तिसरी चाचणी: लेक अंगणाच्या टोकाला काटा धरून उभी, मी गॅरेजच्या दारातून हिसके देतोय. ताकदीने हिसकल्यावर मला वाटायचं वीसेक पौंड तरी जात असतील. कसले वीस! माझ्या जुन्या रॉडने तीनच्या पुढे काटा जाईना. मीडियम हेवीने पाच गाठले. फायबरग्लासने दोनच्या जरा वर. बाकी सगळा जोर रॉड वाकण्यातच जिरतो.

चार मासे का गेले ते या दोन कागदांवर उभं राहिलं. अळीच्या गळाला हवे होते साडेचार, मी देत होतो तीन. उरलेले तीन मासे उलट कारणाने गेले. ट्रेबल आत जातो चटकन, पण वरवर. त्याला तीन बारीक टोकांची नाजूक पकड असते. वर माझी दोरी होती ब्रेडची, वेणी घातलेली, जी मुळीच ताणत नाही. माशाने डोकं झाडलं की तो झटका पचवायला मधे काहीच नव्हतं, भोक मोठं झालं आणि गळ निसटला.

शीटमधला "आमिष" हा रकाना खोडला. त्या जागी "गळ" लिहिला. अकरा ओळी होत्या, चार उरल्या: जाड एकेरी लपलेला, बारीक एकेरी उघडा, ट्रेबल, आणि रबरी बेडकाच्या आमिषाचा. बेडकाची ओळ पिवळी करून उन्हाळ्यावर ढकलली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

चिपळूणला फोन. आबांना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "मासा एक जातीचा, मग काठ्या तीन कशाला?" मी पॉवर-अॅक्शन समजावायला लागलो. पंधरा मिनिटं. ते "हां, हां" करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बारीक माशांना चिव्याची आणि मरळीला माणग्याची. एवढंच ना?" (दोन्ही बांबूच्याच जाती.)

एवढंच. वाशिष्ठीवर गरवायला जाताना त्यांच्या खांद्यावर दोन काठ्या असायच्या हे मी विसरलोच होतो. चिव्याची बारीक, लवचिक, तिला लहानशी गरी आणि गांडूळ. माणग्याची भरीव आणि जाड, मरळीसाठी. मरळ वनस्पतीत दडून बसते, लागली की सरळ झाडोऱ्यात घुसते, तिला खेळवत बसायला वेळ नसतो. काठी लवली की मासा गेला. वर्गीकरण तयार होतं, मी ते इंग्रजी लेबलांत शोधत बसलो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

खरेदी क्रमांक १. कास्टिंग रॉड, ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, ग्रॅफाइट: ९० डॉलर. बेटकास्टर रील, ७ ला १ गुणोत्तराचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सात वेळा फिरतं: ८० डॉलर. तंगूस १५ पौंडी फ्लोरोकार्बन. ते बुडतं आणि पाण्यात कमी दिसतं.

याच रॉडवर टेक्सस रिग (गळाचं टोक अळीच्या अंगात लपवायची बांधणी), जिग, स्पिनरबेट तिन्ही चालतात, कारण तिन्हींचा गळ जाड आणि एकेरी. कुणी एकच रॉड घ्यायचा म्हणत असेल तर हाच. इथे माझं मत ठाम आहे.

घेताना दोन गोष्टी तपासल्या. मुठीवर रील बसवून तोल बघितला: रॉड बोटावर ठेवला की टोक धाडकन खाली जाऊ नये, दिवसभरात मनगट दुखतं. आणि कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवली. कड्यांच्या आत सिरॅमिकची चकती असते. तिला केसभर तडा असेल तर कापसाचा तंतू अडकतो. तोच तडा पुढे दोरी कापतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

बेटकास्टरचा पहिला दिवस. रस्त्यावर, गळाऐवजी रबरी वजन लावून.

या रीलमध्ये स्पूल स्वतःच फिरतं. आमिष हवेत मंदावलं आणि स्पूल मात्र जोरात फिरत राहिलं, की दोरी बाहेर जायला जागा नसते आणि आतल्या आत गुंता होतो. याला इथे पक्ष्याचं घरटं म्हणतात. माझी सहा घरटी झाली. सहावं कात्रीनेच सोडवलं, तीसेक यार्ड तंगूस केराच्या टोपलीत. ही रीलं मुळात केंटकीतल्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली, पॅरिस नावाच्या गावातल्या जॉर्ज स्नायडर यांचं नाव त्यात पहिलं येतं. सूक्ष्म कामाचा घड्याळजी आणि त्याच्या वारशावर माझे अंगठे.

आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. शेवटी आले, बाजूची चावी थोडी आवळली: आमिष आपल्या वजनाने सावकाश खाली उतरावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं, इतकी. चुंबकाचा ब्रेक पुढे केला. "अंगठा उचलू नकोस. दोरीवरून नुसता तरंगत ठेव." संध्याकाळपर्यंत पंचवीस यार्ड सरळ जायला लागलं. समोरच्या घरातली बाई कुत्रं फिरवून दोनदा गेली, दोन्ही वेळा रस्ता ओलांडून.

२ मार्च, शनिवार

खरेदी क्रमांक २. स्पिनिंग रॉड, ६ फूट १० इंच, मीडियम लाइट, फास्ट: ६० डॉलर. रील ५० डॉलर. आत १० पौंडी ब्रेड आणि पुढे ८ पौंडी फ्लोरोकार्बनचा पाच-सहा फुटी तुकडा. (ब्रेड हा शब्द यादीत वाचून हिने पाव आणला नाही, हेच नशीब.)

हा रॉड कागदोपत्री माझा, प्रत्यक्षात लेकीचा. ती डावखुरी. बेटकास्टरचं हँडल ज्या बाजूला येतं तिथेच राहतं, विकत घेतानाच डावं-उजवं ठरवावं लागतं. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, काम दोन मिनिटांचं. शिवाय हलकं आमिष बेटकास्टरवरून फेकायला गेलं की परत घरटं.

माझा मासेमारीचा परवाना काढला, गोड्या पाण्याचा, ३० डॉलर. हा बजेटबाहेरचा खर्च, मंजुरी नंतर घेतली. सतरा वर्षांखालच्यांना इथे परवाना लागत नाही. आणि राज्य उद्यानात किनाऱ्यावरून गळ टाकायचा असेल तर कुणालाच लागत नाही, हे पैसे भरून झाल्यावर कळलं.

९ मार्च, शनिवार

आज लिहायची इच्छा नाही.

रे रॉबर्ट्स तळ्यावरून परत आलो, आइल डू ब्वा उद्यानातून. गार वारा, एकही मासा नाही, त्याचं काही नाही. घरी सामान उतरवताना गाडीचं मागचं दार बटणावर खाली आलं आणि नंबर एकच्या रॉडचं टोक बाहेर राहिलं होतं. आवाज फार नाही झाला. सुकी काटकी मोडते तेवढाच. टोकाकडचे पाच इंच लोंबकळत राहिले.

ग्रॅफाइट वाकतो छान, पण आडवा मार सोसत नाही. मासा ओढताना मोडलेल्या रॉडपेक्षा गाडीचं दार, पंखा आणि पाय यांनी मोडलेले रॉड जास्त, असं आजोबा म्हणतात. दुकानात फोन केला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, दाराचा अपघात हमीत येत नाही, आणि लगेच विचारलं, दुसरा आजच घेणार का?

वापर: चौदा दिवस. मासे: शून्य.

१६ मार्च, शनिवार

खरेदी क्रमांक ३, आणि हा या प्रकल्पातला एकमेव सौदा ज्याचा मला अभिमान आहे. दोन गल्ल्या सोडून एका घरी गॅरेज सेल होता. कोपऱ्यात छत्र्यांबरोबर एक तपकिरी फायबरग्लासचा कास्टिंग रॉड उभा, साडेसहा फुटी, बुचाची मूठ हाताच्या मळाने काळी झालेली. १५ डॉलर. कापसाची काडी फिरवली, फक्त टोकाच्या कडीत तंतू अडकला. ती कडी बदलणं सोपं: जुनी लायटरवर गरम करून ओढून काढली, नवी तीन डॉलरची गरम गोंदावर बसवली. मधली कडी फुटली असती तर धागा गुंडाळून इपॉक्सी लावायचा कुटाणा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर बांबू मागे पडून फायबरग्लास आला, १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आला आणि फायबरग्लास म्हाताऱ्यांचा ठरला. जड, आळशी, तळाची खबर हाताला लागू देत नाही. सगळं खरं. पण ट्रेबलला तोच आळशीपणा हवा असतो. मासा आमिषावर तुटून पडतो तेव्हा ग्रॅफाइट ते झटक्यात त्याच्यापासून ओढून घेतो. फायबरग्लास उशिरा जागा होतो, तोवर आमिष माशाच्या तोंडात गेलेलं असतं.

रील ६० डॉलर, गुणोत्तर कमी, ५.४ ला १, कारण क्रँकबेट हळू आणि जोराने ओढायचं असतं. दोरी साधा नायलॉनचा तंगूस, १२ पौंडी. तो ताणतो, आणि इथे ताणायलाच हवा.

हिशेब: ९० + ८० + ६० + ५० + १५ + ३ + ६० = ३५८. तिन्ही दोऱ्या मिळून ३८. एकूण ३९६. बजेटच्या आत, फक्त त्यातला एक रॉड मोडका.

२३ मार्च, शनिवार

रे रॉबर्ट्स, पहाटे सहा. पाणी ५९ अंश फॅरनहाइट. अंडी घालायच्या आधीचे बास आता उथळ पाण्याकडे सरकतात. लाल रंगाचं लिपलेस क्रँकबेट, पोटात छर्रे, ओढलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. आजोबांची एकच सूचना: हिसका द्यायचा नाही. काहीही झालं तरी नुसतं गुंडाळत राहायचं.

साडेसातला रॉड मधूनच जड झाला. लागलं म्हणावं तर तसं काही नाही, ओला टॉवेल अडकल्यासारखं. हात हिसक्यासाठी उठला होता, तो दाबून धरला आणि गुंडाळत राहिलो. मग टॉवेलने उडी मारली. डोकं झाडलं, दोनदा. दोन्ही वेळा रॉड मुठीपर्यंत वाकून त्या मादी बासबरोबर गेला आणि परत आला. काठाशी आणून खालच्या ओठाला अंगठा लावून उचलली. ट्रेबलच्या तीनपैकी एकच टोक लागलं होतं, तेही ओठाच्या पापुद्र्यात. जुन्या रॉडवर ही नक्की गेली असती.

पंधरा इंच. टेक्ससमध्ये मासा ठेवून घ्यायचा तर सर्वसाधारण नियम चौदा इंचांपासून पुढे, दिवसाला पाच. सोडून दिली. पोट अंड्यांनी टम्म होतं. अंगठ्याची साल निघाली आहे. बासचे दात म्हणजे शंभर नंबरचा पॉलिशपेपर.

८ एप्रिल, सोमवार

खग्रास सूर्यग्रहण. प्लेनोत तीन मिनिटांच्या वर अंधार. शाळेला सुट्टी, मी अर्धा दिवस रजा. आईचा आदल्या रात्री फोन: "ग्रहणात जेवू नका. आणि मासे तर मुळीच मारू नकोस." म्हणून वस्तीतल्या तळ्याकाठी नुसतेच उभे राहिलो, रॉड घरी. ढग होते, ऐनवेळी फाटले. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला रस्त्यावरचे दिवे लागले, काळे ग्रॅकल पक्षी आरडाओरडा करत झाडावर बसायला आले, आणि तळ्याच्या कडेने बास पाण्यावर फुटायला लागले. एक, दोन, पाच. संध्याकाळ झाली समजून जेवायला आलेले. मी मोकळ्या हातांनी बघत राहिलो. आईचं ऐकलं याची नोंद असावी म्हणून लिहितो.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. सकाळी साडेसहाला लक्षात आलं की गुढीची काठी गेल्या वर्षी घर बदलताना हरवली. ही रेशमी खण, गडू, साखरेची गाठी घेऊन तयार. कडुनिंब इथे मिळत नाही, कढीपत्त्यावर भागवतो. काठी नाही. लेकीने गॅरेजमधून नंबर एकचा मोडका रॉड आणला. पाच इंच गेले तरी साडेसहा फूट उरलाय. गडू पालथा घालायला टोक बारीक पडलं, म्हणून टेनिसचा चेंडू भोसकून बसवला. कड्या तशाच होत्या, खणाची गाठ एकीत अडकवली. गच्चीच्या कठड्याला दोन वेलक्रोच्या पट्ट्यांनी बांधली.

हिने हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "नव्वद डॉलरची गुढी आहे, नीट नमस्कार कर." मग स्वतःच म्हणाली, दुसरा आण. त्याला मुहूर्ताची खरेदी म्हणू.

बजेट आता ४८६. शीटमध्ये लाल दिसतंय. ठेवलं तसंच.

२० एप्रिल, शनिवार

नवा रॉड, तोच नमुना. टोकाला कापडी पिशवी शिवून घेतली, गाडीत चढतानाच घालायची.

रे रॉबर्ट्सच्या एका खोबणीत बुडालेली झाडं. टेक्सस रिग: पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, मागे सात इंची जांभळट अळी, गळाचं टोक तिच्याच अंगात लपवलेलं. फांद्यांवरून अळी चढते आणि उतरते ते हातात कळतं. चढताना तंगूस जड होतं, मग फांदी सुटली की टक. पुन्हा जड, पुन्हा टक. तासाभराने एक टक वेगळा आला. किंचित मऊ. फांदीचा टक एकदाच होतो, हा दुहेरी होता, दार वाजवल्यासारखा. तंगूस डावीकडे सरकायला लागलं.

रॉड खाली केला, ढिलं तंगूस गुंडाळून घेतलं आणि छातीपर्यंत ओढला. दांडा ताठच राहिला. वजन आलं आणि गेलं नाही. फांद्यांतून बाहेर काढायला जोर लावावा लागला, तेव्हा आबांची माणग्याची आठवली. १८ इंच, तीन पौंड सहा औंस. गळ वरच्या जबड्याच्या हाडात आरपार, काढायला पक्कड लागली.

चारपैकी पहिल्या माशाची भरपाई झाली.

१८ मे, शनिवार

वस्तीतलं तळं. उथळ, स्वच्छ, आणि तिथल्या प्रत्येक बासने आजवर दहा आमिषं पाहिलेली. मोठं काही टाकलं की पाठ फिरवतात. लेकीच्या रॉडवर वॅकी रिग: सेन्को नावाची पाच इंची प्लास्टिकची अळी, बरोबर मध्यावर रबरी कडीत एक नंबरचा उघडा गळ. वजन वेगळं लावायचंच नाही. पडताना अळीची दोन्ही टोकं थरथरतात.

तिला सांगितलं, हिसका नको, तंगूस ताणलं की नुसतं उचल आणि गुंडाळ. तिने मला सांगितलं, "बाबा, मला माहितीये, काटा मीच धरला होता." तासाभरात तिचे चार, माझे शून्य. मी मुद्दाम नंबर एकच्या रॉडवर तीच अळी लावून बघत होतो. फेकताच येईना, जेमतेम दहा यार्ड. एक लागला त्याला सवयीने हिसका दिला, तो बारीक गळ सरळ झाला. सुईसारखा. फोटो शीटमध्ये चिकटवला आहे.

८ जून, शनिवार

तळ्यावर शेवाळ आणि कमळाची पानं आली. पिवळी ओळ उघडायची वेळ. बेडकाचं आमिष: पोकळ रबरी, पाठीला चिकटून दोन जाड गळ, पानांवरून टुण् टुण् उड्या मारत आणायचं. आजोबांचा हेवी रॉड घेतला, ७ फूट ४ इंच, आत ५० पौंडी ब्रेड. हे लांब, दांडगे रॉड बासच्या जगात आले ते १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियात डी थॉमस साडेसात फुटी रॉडने झाडोऱ्यात आमिष सोडायला लागले तेव्हापासून.

पानांच्या मधून पाणी फुटलं, बेडूक दिसेनासा झाला. इथे उलटा नियम: लगेच हिसकायचं नाही, वजन हाताला लागू द्यायचं, मग मात्र सगळ्या अंगाने. मासा आणि त्याच्यासोबत दोनेक किलो शेवाळ एकदमच काठावर आलं. मीडियम हेवीवर करून बघितलं तेव्हा मासा पानांच्या देठांत गुंडाळला गेला आणि मला गुडघाभर चिखलात उतरावं लागलं. बूट अजून वाळतायत.

९ जून, रविवार

आबांना बेडकाचा व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांत उलटा फोन.

"तो बेडूक रबराचा?"

"हो."

"आणि मासा सोडलास?"

"सोडला."

पलीकडे बराच वेळ शांतता. एवढा मासा सोडणं त्यांच्या हिशेबात बसत नाही, पण आता त्यावर वाद घालत नाहीत. मग म्हणाले, "डिसेंबरात येताना दोन बेडूक आण. हिरवे. मरळीला चालतील. काठी मात्र नको आणूस, माझी आहे."

शीटमध्ये चौथी ओळ लिहिली: हेवी, ७ फूट ४ इंच, फास्ट, ५० पौंडी ब्रेड. किमतीचा रकाना अजून भरलेला नाही. आजोबा म्हणतात, त्यांचा वापर तोवर. दसऱ्याला हिच्याशी बोलतो.